आजचा फळा : गावात रोज चार ओळी लिहायच्या तर

गिरणाकाठच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी शिकवतो. शाळेच्या ओट्यावर, पाण्याच्या टाकीशेजारी, एक लहान फळा आहे. त्यावर रोज सकाळी परिपाठाआधी चार ओळी लिहिल्या जातात. कधी एखादा शब्द, कधी त्या तारखेची आठवण, कधी झाडापानांची किंवा आकाशाची माहिती. याला नऊ वर्षं झाली. आसपासच्या शाळांतले शिक्षक आणि वाचनालय चालवणारी तरुण मुलं विचारत असतात, 'सर, आम्हालाही सुरू करायचंय, कसं करायचं?' फोनवर सांगून ते पुरत नाही, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

फळे सुरू होतात पुष्कळ, पण दिवाळीच्या सुट्टीनंतर बहुतेक कोरे दिसतात. माहिती संपते म्हणून ते बंद पडत नाहीत. माहिती तर फोनमध्ये ढिगाने पडलेली असते. ते बंद पडतात, कारण तिथे लिहिलेलं गावाचं नसतं. 'आज अमुक देशाचा स्वातंत्र्यदिन' असं तीन दिवस वाचलं की चौथ्या दिवशी मुलं फळ्याकडे न बघता पाणी पिऊन निघून जातात. ज्या ओळीतलं काहीतरी त्याच दिवशी वावरात, बाजारात, चुलीपाशी किंवा आजीच्या तोंडी सापडतं, ती ओळ मुलं घरी नेतात. पुढचं सगळं मी याच एका गोष्टीभोवती सांगणार आहे.

जागा आणि अक्षर

फळा वर्गात नको. माणसं जिथे आपोआप दोन मिनिटं थांबतात तिथे हवा: पाण्याची टाकी, बसथांबा, दूध संकलन केंद्र, वाचनालयाचा ओटा. खालची कड पहिलीच्या मुलाच्या छातीएवढी ठेवा. पश्चिमेकडे तोंड असलेली भिंत टाळा, कारण आपल्याकडच्या उन्हात दुपारनंतर फळा चकाकतो आणि एक अक्षर दिसत नाही. दहा पावलांवरून वाचता येईल एवढं अक्षर काढलं की फळ्यावर पस्तीस-चाळीस शब्दच मावतात, आणि तेवढेच पुरेत. रंगीत खडू फक्त एका शब्दासाठी वापरायचा, ज्या शब्दावर नजर थांबायला हवी त्यासाठी.

तारखांची वही

दोनशे पानांची दोन रजिस्टरं घ्या. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर, एका तारखेला एक पान, आणि २९ फेब्रुवारीलाही एक, अशी ३६६ पानं आखून टाका. पानावर डोक्याशी फक्त तारीख, साल नाही. मग जे सापडेल ते त्या पानावर टिपत जायचं: काय घडलं, कोणत्या साली, कुठे, आणि हे आपण कुठे वाचलं. शेवटचा रकाना गाळू नका. दोन वर्षांनी कुणी विचारलं की तोच उपयोगी पडतो.

वही भरायला जगापासून नाही, आपल्या तालुक्यापासून सुरुवात करा. खानदेशाच्या तारखा काढायला बसलात तर तुम्हीच चकित व्हाल. २४ ऑगस्ट १८८० ला जळगावजवळच्या असोद्याला बहिणाबाई चौधरी जन्मल्या. १३ ऑगस्ट १८९० ला धरणगावात बालकवींचा जन्म झाला आणि ५ मे १९१८ ला भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली त्यांचा अंत झाला. २७ आणि २८ डिसेंबर १९३६ ला फैजपुरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, आणि खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. २९ डिसेंबर १९४५ ला अमळनेरात वनस्पती तेलाची एक कंपनी नोंदली गेली, तीच पुढे संगणकाच्या क्षेत्रात विप्रो म्हणून जगभर गेली. ३१ डिसेंबर १९२६ ला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे धुळ्यात वारले आणि त्यांनी आयुष्यभर गोळा केलेले कागद जपायला धुळ्यातच त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. ३१ जुलै १९३७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका खटल्यासाठी धुळ्याला आले होते. लळिंगच्या लांडोर बंगल्यावर त्या तारखेला आजही माणसं जमतात. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तर त्याआधी १९०६ साली अख्ख्या खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले होते.

डिसेंबर असा गच्च भरतो आणि फेब्रुवारी-मार्चची पानं कोरी राहतात. राहू द्या. कोरं पान भरायचं म्हणून कुठलातरी 'जागतिक दिन' आणून बसवू नका. त्या दिवशी शब्द लिहा, नाहीतर झाडाबद्दल लिहा.

आखाजी (अक्षय्य तृतीया), कानबाई, पोळा या सणांना या वहीत पान द्यायचं नाही, कारण ते तिथीने येतात आणि दरवर्षी तारीख बदलते. त्यांच्यासाठी रजिस्टरच्या मागच्या बाजूला वेगळी पानं ठेवा आणि दर पाडव्याला नवं पंचांग समोर घेऊन त्या वर्षाच्या तारखा लिहून काढा. कानबाई नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी बसते, एवढं माहीत असलं की कॅलेंडरात शोधायला वेळ लागत नाही.

खात्री केल्याशिवाय खडू उचलायचा नाही

दुसऱ्या वर्षी माझ्याकडून एक चूक झाली. ११ जूनला साने गुरुजींचा स्मृतिदिन असतो. पण तेव्हा शाळेला सुट्टी, म्हणून २४ डिसेंबरला त्यांच्या जयंतीला मी लिहिलं, 'साने गुरुजींचा जन्म अमळनेरचा.' अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते १९२४ पासून सहा वर्षं शिक्षक होते. आमच्याकडे त्यांचं नाव अमळनेरशी इतकं जोडलेलं आहे की तपासावं असं मनातही आलं नाही. जन्म पालगडचा, रत्नागिरी जिल्ह्यातला, १८९९ सालचा. महिन्याभराने तालुक्याच्या स्पर्धेत आमच्या एका मुलीने फळ्यावरचं उत्तर दिलं आणि तिचे गुण गेले. ती मला काही बोलली नाही. तिने फक्त वहीतलं ते वाक्य खोडलं होतं. ते खोडलेलं वाक्य मी पाहिलं, त्या दिवसापासून पद्धत बदलली.

आता कुठलीही गोष्ट दोन ठिकाणी सापडल्याशिवाय फळ्यावर जात नाही, आणि ती दोन ठिकाणं एकमेकांवरून उतरवलेली नसावी लागतात. फोनवरच्या दहा पानांवर तेच वाक्य स्वल्पविरामासह तसंच दिसत असेल, तर ती दहा पानं म्हणजे एकच पान समजायचं. मराठी विश्वकोश आता फोनवर फुकट वाचता येतो, तिथून सुरुवात करा. गावांच्या, नद्यांच्या, किल्ल्यांच्या माहितीसाठी जिल्ह्याचं गॅझेटिअर बघा. खानदेशावरचा जुना इंग्रजी खंड १८८० सालचा आहे. त्यातली इंग्रजांची मतं सोडून द्या, पण बाजार कुठे भरे, कोणती नदी कुठे मिळते, कुठे काय पिके, अशा गोष्टींसाठी तो फार मोलाचा आहे.

वयाचं गणित स्वतः करा. नंदुरबारचा शिरीषकुमार मेहता ९ सप्टेंबर १९४२ ला गोळीबारात गेला. कुणी पंधरा वर्षांचा लिहितं, कुणी सोळा. जन्म २८ डिसेंबर १९२६ चा. म्हणजे पंधरा वर्षं पूर्ण झालेली आणि सोळावं चालू, वाढदिवसाला साडेतीन महिने बाकी. हे गणितच मी फळ्यावर मांडलं आणि उत्तर मुलांना काढायला सांगितलं. सातवीतला एक मुलगा म्हणाला, 'सर, म्हणजे माझ्या दादाएवढा.' त्यादिवशी वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही.

'पहिला', 'सर्वात मोठा', 'आशियातला एकमेव' हे शब्द दिसले की तिथे जास्त वेळ द्या. फैजपूरच्या बाबतीत 'पहिलं' खरं आहे, पण असे दावे बहुतेक वेळा कुणीतरी प्रेमापोटी वाढवून सांगितलेले असतात. गावांच्या आणि प्रदेशांच्या नावांच्या उगमाबद्दलही घाई नको. खानदेश हे नाव फारुकी घराण्याच्या खानांवरून पडलं असं एक मत आहे, कान्हदेश म्हणजे कृष्णाचा देश असं दुसरं, आणि यादवांच्या काळातल्या सेउणदेशाकडे बोट दाखवणारेही आहेत. फळ्यावर तिन्ही मतं लिहा आणि 'असं मानतात' हे शब्द ठेवा. त्याच्याच खाली पक्की गोष्ट लिहिता येते: १६०१ साली अशीरगड हाती आल्यावर अकबराने आपल्या दानियाल नावाच्या मुलावरून खानदेशाचं नाव 'दानदेश' ठेवलं. ते टिकलं नाही. का टिकलं नसेल, हा प्रश्न आमच्या मोठ्या मुलांना आठवडाभर पुरला.

फोनवर फिरत येणाऱ्या माहितीचं सांगायचं तर, 'युनेस्कोने जाहीर केलं' किंवा 'नासाने सिद्ध केलं' अशी सुरुवात असेल तर मी ती मुळात उघडतच नाही. आपल्या राष्ट्रगीताला युनेस्कोने जगातलं सर्वोत्तम ठरवलं, हा मजकूर दर १५ ऑगस्टला येतो. युनेस्कोने असं काही कधीच जाहीर केलेलं नाही. 'न्यूज' शब्दातली इंग्रजी अक्षरं चार दिशांची आद्याक्षरं आहेत, हाही असाच मजकूर. तो शब्द 'नवीन' अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून आला आहे, दिशांशी त्याचा संबंध नाही. अशा गोष्टींसाठी महिन्यातून एक दिवस ठेवा आणि वर स्पष्ट लिहा: 'हे खरं नाही.' त्या दिवशी फळ्यापुढे सर्वांत जास्त गर्दी होते, हा माझा अनुभव आहे.

मराठीच्या दिवसांचाही गोंधळ असतो. २७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन, १ मे हा महाराष्ट्र दिन आणि मराठी राजभाषा दिन, २१ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन. आता ३ ऑक्टोबरही आला आहे, २०२४ साली त्या दिवशी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आम्ही २१ फेब्रुवारी पूर्णपणे घरच्या बोलींसाठी राखून ठेवला आहे.

चार ओळी कशा लिहायच्या

समजा २८ एप्रिल आहे. नवीन माणूस लिहितो: 'आजच्या दिवशी १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने अजिंठा लेण्यांचा शोध लावला.' तारीख आणि नाव बरोबर, पण वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. शिवाय 'शोध लावला' हे खरंही नाही. त्या खोऱ्यात गुरं चारणाऱ्या माणसांना लेणी ठाऊकच होती, बाहेरच्या जगाला नव्हती.

आम्ही असं लिहिलं: 'अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात, जुन्या चित्रावर, एका इंग्रजाने आपलं नाव कोरून ठेवलंय: जॉन स्मिथ, २८ एप्रिल १८१९. पुढे ही चित्रं उतरवून घ्यायला रॉबर्ट गिल आला. त्याची कबर भुसावळला आहे. तुमच्या घरचं भुसावळला कोण जातं?'

फरक कुठे पडला ते पाहा. तारीख पहिल्या शब्दात नाही, वस्तू आधी आली. गोष्ट एकच, पण तिचं दुसरं टोक आपल्या रेल्वे स्थानकाशी येऊन थांबलं. आणि शेवटचा प्रश्न असा, की त्याचं उत्तर पुस्तकात नसून घरात आहे. लिहिण्याआधी ओळ मोठ्याने वाचा. वाचताना जिथे अडखळाल तिथे पुस्तकी शब्द आहे असं समजा. 'निधन पावले' ऐवजी 'वारले', 'स्थापना करण्यात आली' ऐवजी 'सुरू झालं'.

शब्द

वर्षातले निम्मे दिवस तरी शब्दाला द्यावेत असं माझं मत आहे. तारखेची गोष्ट ऐकून माणूस 'अस्सं' म्हणतो, पण शब्दाची गोष्ट ऐकून तो स्वतःच्या तोंडाकडे लक्ष देऊ लागतो.

शब्द निवडताना तो मुलांच्या रोजच्या बोलण्यातला हवा. सुरुवात दप्तरापासून करा. दप्तर आपल्याकडे फारसीतून आलं, आणि त्याच्याही मागे ग्रीक भाषेत कमावलेल्या कातड्याचा शब्द आहे, कारण लिहायला तेव्हा कातडं वापरत. पाठीवर रोज ओझं वाहणाऱ्या मुलाला हे सांगून बघा. दुसरा शब्द 'तारीख'. मूळ अरबीत त्याच शब्दाचा अर्थ इतिहास असाही होतो. वर्षाच्या पहिल्या दिवशी फळ्यावर तारीख घालताना आम्ही दरवेळी हाच शब्द लिहितो.

आठवडे बाजाराच्या दिवशी बाजारातला शब्द. चावी, बादली, घमेलं, परात, पगार, काजू, बटाटा हे सगळे पोर्तुगीजांकडून आलेले. एका बाजाराच्या दिवशी मी नुसती यादी लिहिली आणि म्हटलं, आज बाजारात यातलं जे जे दिसेल त्यावर खूण करून आणा. मुलं भांड्यांच्या दुकानापुढे वही घेऊन उभी होती.

पण सगळ्यांत जास्त गाजली ती मिरची. नंदुरबारची मिरची सगळीकडे जाते, आमच्या शेवभाजीला आणि भरताला तिच्याशिवाय चव नाही, आणि तीच मुळात अमेरिका खंडातली. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला, त्यानंतरच्या काळात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्याकडे आली. तिला नाव मात्र आपलंच मिळालं, कारण आधी तिखटपणासाठी मिरे होते आणि मिऱ्याला संस्कृतात मरिच म्हणतात. फळ्यावर लिहिलं होतं: 'मुक्ताबाई तापीकाठी मेहूणला १२९७ साली गुप्त झाल्या असं मानतात. त्यांच्या काळी आपल्या चुलीवर मिरची नव्हती, बटाटा नव्हता, टमाटा नव्हता, शेंगदाणा नव्हता, मकाही नव्हता. मग त्या काय खात असतील?' दुसऱ्या दिवशी घराघरांतून उत्तरं आली: ज्वारी, बाजरी, उडीद, तूर, वांगं, तीळ, मिरे. एका आजीने निरोप पाठवला, 'कळण्यानी भाकर मातर व्हती, हाई लिखी ठेव.' (कळणा म्हणजे ज्वारी-उडदाचं एकत्र पीठ.) ते तसंच लिहिलं.

घरची बोली फळ्यावर आणताना

आमच्या मुलांची घरची भाषा अहिराणी. पहिलीत आलेलं पोर 'मना फया कथा शे?' (माझा फळा कुठे आहे?) असं विचारतं आणि थोड्याच दिवसांत त्याला कळतं की शाळेत असं बोलायचं नसतं. तेव्हापासून ते गप्प बसायला लागतं. फळ्यावर अहिराणी आली ती याचसाठी. डावीकडे घरचा शब्द, उजवीकडे मराठी, दोन्ही एकाच मापाच्या अक्षरात. 'अशुद्ध', 'गावंढळ' हे शब्द फळ्याजवळ फिरकू द्यायचे नाहीत.

एका आठवड्यात आम्ही रोज एकच जोडी लिहिली. काया आणि काळा. डोया आणि डोळा. पोया आणि पोळा. केय आणि केळ. जयगाव आणि जळगाव. शनिवारी फळा रिकामा ठेवून फक्त विचारलं, 'काय दिसलं?' चौथीतली मुलगी उठून म्हणाली, 'ळ जातो तिथे य येतो.' भाषेतला नियम तिने स्वतः शोधला होता, आणि तोही तिच्या आजीच्या भाषेतला. आणखी पुढे जायचं असेल तर मुलांना विचारा, प्रत्येक ळ चा य होतो का? जिथे होत नाही असे शब्द शोधून आणायला सांगा.

खानदेशात एकच बोली नाही, हे मात्र विसरू नका. रावेर-यावलकडे लेवा गणबोली आहे, जामनेरच्या बाजूला तावडी, सातपुड्यात भिल्ली आणि पावरी, काही घरांत गुजरी. बहिणाबाईंची भाषा सरसकट अहिराणी म्हणून लिहिली जाते. ती लेवा गणबोली आहे. म्हणून शब्दासोबत 'कुणाच्या घरचा' हेही लिहा.

शब्द गोळा करायला मुलांना घरी पाठवता तेव्हा एक काळजी घ्या. 'आजी, अमक्याला अहिराणीत काय म्हणतात?' असं विचारलं की आजी सावध होते आणि शाळेसाठी म्हणून चांगलं मराठी सांगते. त्याऐवजी वस्तू हातात घेऊन जायचं. खापर, सूप, विळा, बैलाचं एखादं सामान, काहीही. आणि साधं विचारायचं, 'आजी, हाई काय शे?' ती जे पटकन म्हणेल ते जसं ऐकलं तसं लिहायचं. दुसऱ्या दिवशी फळ्यावरचा शब्द मुलाने तिला वाचून दाखवायचा आणि ती 'हां' म्हणाली तरच तो वहीत जायचा.

जवळचा इतिहास: पाटणचं उदाहरण

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला आमच्याकडचा प्रत्येक जण जाऊन आलेला असतो. तिथल्या शिलालेखाबद्दल मात्र फार थोड्यांना माहीत असतं. तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा, यादवांच्या काळातला हा लेख. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तिथे मठ काढला, त्याची ही नोंद. लेख बहुतेक संस्कृतात आहे, पण शेवटी दानाचा हिशेब आला की भाषा मराठी होते. पाटणच्या बाजारात जो माल विकायला येई, त्यावरचं राजाचं येणं या मठाला दिलं, असं त्यात म्हटलं आहे. मालाला तिथे शब्द आहे 'केणें', आणि मठाला 'मढ'. बाजाराच्या पैशावर चालणारी गणिताची शाळा, आठशे वर्षांपूर्वी, आपल्या जिल्ह्यात! एवढी मोठी गोष्ट एका दिवसात लिहायची नाही. आम्ही ती चार दिवस वाटून लिहिली: पहिल्या दिवशी ठिकाण, दुसऱ्या दिवशी नातू, तिसऱ्या दिवशी बाजार, चौथ्या दिवशी दोन जुने शब्द.

त्याला जोडून भास्कराचार्यांचं जन्मसाल घेता येतं. ते त्यांनी स्वतःच शब्दांत सांगून ठेवलं आहे: 'रस-गुण-पूर्ण-मही'. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही म्हणजे पृथ्वी, एक. आकडे उजवीकडून डावीकडे मांडायचे: १०३६. हा शक आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो: १११४. (पाडव्याच्या आधीचे महिने असतील तर ७९ मिळवायचे.) मग मुलांना स्वतःचं जन्मसाल असं लिहायला सांगा. चारसाठी वेद, दोनसाठी नेत्र. २०१४ चा मुलगा झाला 'वेद-मही-पूर्ण-नेत्र'. आमच्या शाळेत कितीतरी दिवस मुलं एकमेकांना याच नावांनी हाका मारत होती.

झाड, ऊन, सावली

सामान्यज्ञान म्हटलं की राजधान्या आणि उंच शिखरं आठवतात. त्याआधी बांधावरचं घ्या. केळीचं झाड हे झाडच नाही. तिला लाकडाचं खोड नसतं, एकमेकांवर गुंडाळलेल्या पानांच्या देठांचा तो सोट असतो. म्हणजे केळ ही एक अवाढव्य वनस्पती, आणि शास्त्राच्या भाषेत तिचं फळ द्राक्षासारख्या मृदुफळांच्या वर्गातलं. रावेरकडच्या मुलांना कांदेबाग, मृगबाग, पिलबाग हे केळीच्या बागांचे शब्द पाठ असतात, पण हे नसतं. घड निघाल्यावर कापलेला सोट आडवा चिरून दाखवा, कांद्यासारखे थर दिसतात. २०१६ साली जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ती तारीख त्याच आठवड्यात शोधायला लावा.

तापीचंही तसंच. दख्खनच्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला जातात आणि आपली पश्चिमेला. मुलताईपासून सुरतेपर्यंत ७२४ किलोमीटर. गिरणा, पांझरा, वाघूर, अनेर यांतली तुमच्या गावची कोणती, ते लिहा.

आणि घड्याळ. दुपारी बाराला सूर्य डोक्यावर येतो असं आपण म्हणतो, पण भारताची प्रमाणवेळ ८२.५ रेखांशावरची आहे आणि जळगाव साधारण ७५.५ वर. सात अंशांचा फरक, दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे अठ्ठावीस मिनिटं. आपल्याकडे मध्यान्ह साडेबाराच्या आसपास होते, नंदुरबारला त्याहून आणखी चार-पाच मिनिटांनी. अंगणात काठी उभी करून सावली सर्वांत आखूड कधी होते ते मोजता येतं. वर्षातून दोनदा ती सावली अजिबात नाहीशी होते, कारण आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत: एकदा मेच्या शेवटच्या दहा दिवसांत, एकदा जुलैच्या मध्याला. जुलैत ढग असतात. मेमध्ये शाळा बंद असते. म्हणून शेवटच्या पेपरच्या दिवशी फळ्यावर हेच लिहा आणि काठी घरी उभी करायला सांगा.

चूक झाली तर, आणि फळा कुणाचा

चूक कळली की दुसऱ्या दिवशी त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात दुरुस्ती. ज्याने चूक दाखवली त्याचं नाव त्याला चालत असेल तर खाली लिहा. कोपऱ्यात बारीक अक्षरात दुरुस्ती करणं म्हणजे न करणंच.

पहिलं वर्ष स्वतः लिहा. दुसऱ्या वर्षापासून आठवड्यातले दोन दिवस मुलांना द्या, मात्र तपासायची पद्धत तीच: दोन ठिकाणी सापडलं का, कुणी सांगितलं, मोठ्याने वाचून पाहिलं का. रोजचा फळा पुसण्याआधी फोनने एक फोटो काढून ठेवा. मजकूर परत वापरायला तीन वर्षं तरी जाऊ द्या. पहिलीतलं मूल तोवर चौथीत गेलेलं असतं, आणि तेच तुम्हाला सांगतं की हे आधी लिहिलं होतं.

उद्याच सुरू करायचं असेल आणि हाताशी काहीच नसेल, तर पहिल्या दिवशी एवढं लिहा:

'फळा. संस्कृतात फलक, म्हणजे लाकडाची फळी. आजी म्हणते फया. तुमच्या घरी याला काय म्हणतात? उद्या इथे येऊन लिहा, खडू खाली ठेवलाय.'

आणि खडू खरंच खाली ठेवा.